नेम रायफलचा

पॉइंट टू-टू रायफलचा नेम चुकतो तो माणसामुळे नाही, रायफलमुळे, असं उमाकांत देवधर छाती ठोकून सांगत! सगळी नोकरी सरकारी कारखान्यात यंत्रं तपासण्यात गेलेली. यंत्र सुधारतं, माणूस सुधारत नाही, हे त्यांचं ठाम मत. यंदा क्लबच्या संघात एकच जागा उरली होती, आणि तिच्यावर त्यांचा नि बँकेतल्या रघुपतीचा डोळा होता.

"रघुपती रोज सराव करतोय म्हणे," विद्याताई पोळी लाटता लाटता म्हणाल्या. "तुम्हीही स्वल्प करा की."

"सराव त्यालाच लागतो. मी रायफल सुधारतोय."

रायफल खरं तर क्लबची. पण देवनहळ्ळीच्या रेंजवर उमाकांत तिच्या असे हात धुऊन मागे लागले, की बाकीच्यांनी तिचा नाद सोडला. दस्त्याचे स्क्रू सारख्याच जोराने आवळायला त्यांनी खास पाना आणला. नळी किती साफ करावी आणि कुठे थांबावं, यावर रेंजच्या चौकीदाराचंही डोकं खाल्लं. मग रायफल शिकंज्यात पकडून, निरनिराळ्या बॅचची काडतुसं भिंतीकडच्या शेवटच्या टार्गेटवर झाडून पाहिली. एका बॅचच्या गोळ्या एकाच भोकातून जायला लागल्या, तेव्हा नातू झाल्यासारखा त्यांनी क्लबभर म्हैसूरपाक वाटला.

निवडीच्या दिवशी भिंतीकडची जागा रघुपतीला मिळाली, उमाकांतांना तिच्या शेजारची. ते पालथे पडले, श्वास रोखला आणि सवयीप्रमाणे भिंतीकडच्याच टार्गेटवर सगळ्या गोळ्या संपवल्या. उठले ते हार घालून घ्यायच्या तयारीने.

क्लबच्या सेक्रेटरी श्यामलाक्का दोघांचे कागद घेऊन आल्या. उमाकांतांचा कोरा करकरीत! रघुपतीच्या कागदावर मात्र गोवर उठल्यासारखी भोकं, आणि अगदी मधोमध एक सुबक, गोल भोक.

"अण्णा, तुम्ही याच्या टार्गेटवर मारलंत. तुम्हाला शून्य. रघुपती संघात."

उमाकांत भयंकर चिडले. एवढी मेहनत, आणि शून्य?

"ते मधलं भोक बघा आधी. त्यात रायफलचा काय दोष आहे, सांगा."

"रायफलचा काहीच नाही."

"मग? ही रायफल आता कोणाच्याही हातात द्या, नेम चुकणार नाही. लिहून देतो."

"कोणाच्याही?" श्यामलाक्कांनी शांतपणे विचारलं.

"कोणाच्याही. अगदी या रघुपतीच्यासुद्धा."

रघुपतीने अदबीने दोन्ही हात पुढे केले. "सरी, अण्णा, ठीक आहे. द्या मग."

रायफल क्लबची आणि शब्द स्वतःचा. उमाकांतांनी ती दिली, पण पाना खिशातच ठेवला. "स्क्रूला कोणी हात लावायचा नाही," त्यांनी बजावलं. "ते मीच आवळणार."

एवढ्यात विद्याताईंचा फोन आला. "काय हो, झाली का निवड?"

"झाली," उमाकांत ताठ मानेने म्हणाले. "रायफलची."