खुडूक कोंबडीखालची बाटली

"अंडी उबवायची सोडून बाटल्या उबवाय लावल्यात हिनं माझ्या कोंबडीला!" लीलाबाई भाकरी थापता थापता पुटपुटल्या. पुटपुटणं शेजारी भाजी चिरणाऱ्या सुनेला नीट ऐकू जाईल, एवढ्याच बेतानं.

"आत्या, थंडी लई हाय. बाटलीला ऊब लागती," जुईली म्हणाली.

ग्रामपंचायतीत बायकांना पाणी तपासायला शिकवलं, तिथून तिनं या बाटल्या आणलेल्या. वडापावाच्या भावातली, मुठीत मावणारी वस्तू. पाणी भरायचं, झाकण लावायचं, उबेला ठेवायचं. काळं पडलं, तर पाण्यात घाणीचे जंतू. तिच्या छोट्या पिंकीचं पोट महिनाभर बिघडत होतं, म्हणून तिनं घरच्या विहिरीचं पाणी भरून ठेवलं होतं.

दोन दिवसांनी कोंबडी उठवली. बाटली काजळासारखी काळी! जुईली गुपचूप पिंकीचं पाणी उकळू लागली.

"कोंबडीखाली ठिवल्यावर दुसरं काय व्हणार?" सासरे विठ्ठलराव गरजले. "आमची हीर हाय ती!" दुसरी बाटली त्यांनी स्वतः भरली, अंघोळ करून, विहिरीला हळदकुंकू वाहून. शालीत गुंडाळून देवघरात ठेवली. तीही काळी. तीही देवांच्या साक्षीनं.

"बाटल्याच खोट्या!" मग बाटलीला खोटं पाडायला त्यांनी पिरंगुटहून सीलबंद पाणी आणलं आणि ते बाटलीत भरून कोंबडीखाली सरकवलं. दोन दिवस खुराड्यासमोरून हलले नाहीत. पाणी काही काळं पडेना. शेजारच्या नरहरीच्या विहिरीचं ठेवलं, तेही नाही.

कोंबडी निर्दोष सुटली. जुईलीला बाटलीचं भारी कौतुक वाटलं. एवढीशी, पण सासऱ्यांच्या तोंडावर खरं बोलते! या घरात ते अजून कुणाला जमलं नव्हतं.

"बेडूक मेला आसंल," विठ्ठलराव म्हणाले.

"पारवं बसत्यात काठावर," जुईलीचा नवरा किशोर म्हणाला. तो विहिरीभोवती फिरून आला होता आणि एक बाजू सोडून सगळ्या बाजूंबद्दल बोलत होता. त्या बाजूला भाड्याच्या खोल्यांच्या संडासाचा खड्डा होता. वास्तुशास्त्रवाल्याला विचारून, खोल्यांची वायव्य गाठून, विठ्ठलरावांनी स्वतः आखलेला. वायव्य बरोब्बर साधली, फक्त ती विहिरीला खेटून निघाली.

विठ्ठलरावांनी विहिरीचं ताजं पाणी पेल्यात घेतलं आणि पिंकीला मांडीवर ओढलं. "घरचं पाणी घरच्या पोरीला बाधत न्हाई. पी गं, बाय."

जुईली उकळलेल्या पाण्याचा तांब्या घेऊन पुढं आली. सासऱ्यांच्या मिशा बघून तिथंच थांबली.

लीलाबाई पिठाच्या हातानंच उठल्या आणि पेला हिसकावून घेतला.

"वायव्य घाला चुलीत! अवो, म्हैनाभर नातीला संडासाचं पाणी पाजलं आपण."