राजीनाम्याचं कारण : वेबसाइट

कमलताई मासाळ यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या मेंढीसारखं खोकत होत्या.

माण तालुक्यातल्या एका गावच्या जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी बदली झाली होती. पिशवी हातात घेऊन मी दारात उभा, आणि आत एक पस्तिशीच्या बाई फोन कानाला लावून खोकत होत्या. आधी कोरडं, तुटक. मग छातीतून, घरघर करत. मग मान पुढं काढून, घशात काहीतरी अडकल्यासारखं. प्रत्येक खोकला झाला की थांबून विचारायच्या, "असा? का असा? का ह्यो तिसरा?" पलीकडून काहीतरी उत्तर आलं. "दुसरा व्हय? मंग थांबू नगा. डाक्टरास्नी घिऊन येते." फोन ठेवून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तुमचं काय आजारी हाय?"

"मी इथं रुजू व्हायला आलोय," मी म्हणालो.

"आसं व्हय. बसा. आदी खोकल्याकडं जाऊन येते, मंग तुमच्याकडं बघते."

कमलताई दवाखान्यात परिचर होत्या. झाडलोट करायची, औषधांची खोकी लावायची, इंजेक्शन देताना जनावर धरायचं, असं काम. ही जागा त्यांना नवऱ्यामागं अनुकंपा तत्त्वावर मिळालेली. नवरा याच दवाखान्यात जनावरांच्या जखमांची मलमपट्टी करायचा. मोटारसायकल घसरली आणि तो गेला. मूलबाळ नव्हतं. घरात कमलताई आणि सासू, दोघीच. सासूला त्या आत्याबाई म्हणायच्या. दोघी धनगराच्या घरातल्या, मेंढरांमागं चालत मोठ्या झालेल्या. आत्याबाई रोज सकाळी सुनेच्या हातात भाकरीचं फडकं देताना एकच वाक्य बोलायच्या, "माज्या पोराची जागा हाय. नीट संभाळ."

कमलताईंचा सगळा भर दोन गोष्टींवर. पहिली, "आदी बगा, मंग बोला." कुणी "मेंढरू आजारी हाय" म्हणत आला की त्याला खाली बसवायच्या. डोळं कसं हाय? कान थंड हाय का गरम? लेंडी कशी पडती? कळपात पुढं चालतंय का मागं? तो बिचारा घाम पुसत परत जायचा आणि सगळं पाहून यायचा.

दुसरी गोष्ट म्हणजे शब्द. दवाखान्याच्या भिंतीवर रोगांचे छापील तक्ते होते. त्यातल्या 'आंत्रविषार' या शब्दाखाली कमलताईंनी पेनानं लिहिलं होतं, 'कवळं गवत हपापल्यावानी खाऊन झटका येतो तो रोग.' मोठे साहेब, म्हणजे आमचे डॉक्टर, यांनी विचारलं, "सरकारी तक्त्यावर कुणी लिहिलं हे?"

"म्या," कमलताई म्हणाल्या. "आवं सायेब, ज्याची मेंढरं मरत्यात त्याला त्या शब्दाचा पत्ताच न्हाई. रोगाला ठावं असंल, मालकाला न्हाई."

साहेबांनी तक्ता पुन्हा वाचला आणि ते आत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः कमलताईंना दुसरं पेन आणून दिलं. जाड टोकाचं.

पुढं जनावरांच्या कानात बिल्ले मारून त्यांची नोंद ऑनलाइन करायचं फर्मान निघालं. आम्ही सगळे त्या कामाला बिचकत होतो. कमलताईंनी ते ओढून घेतलं, आणि त्या नादात कॉम्प्युटर त्यांच्या हाताखाली आला. सहा महिन्यांनी त्यांनी मला मोबाइल दाखवला. पडद्यावर एक मेंढी, खाली ठळक अक्षरांत : 'तुमच्या मेंढराला काय झालंय? आदी बगा, मंग बोला.'

"ही माजी वेबसाइट," त्या म्हणाल्या. आवाज असा की जणू दारात नवा बैल उभा आहे.

साइट साधी होती. खोकला, पोटफुगी, लंगडणं, लाळ गळणं, प्रत्येकाचं वेगळं पान. औषधाचं नाव कुठंच नाही. काय बघायचं, डॉक्टरला काय सांगायचं, आणि चाऱ्यासाठी मेंढरं ज्या वाटांनी कोकणात आणि कर्नाटकात उतरतात त्या वाटेवरचा प्रत्येक दवाखाना कुठं आहे, एवढंच. प्रत्येक पान साहेब आधी तपासायचे. आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी प्रत्येक पान कमलताईंच्या आवाजात ऐकता यायचं. तिन्ही खोकले होतेच.

मग साइटवर जाहिराती येऊ लागल्या. त्या कुठल्या येतील यावर कमलताईंचा ताबा नव्हता. एक म्हातारा मेंढपाळ दवाखान्यात येऊन गंभीरपणे म्हणाला, "ताई, तुज्या पानावर टकलाला क्यास आणायचं औशध हाय. माज्या मेंढीची लोकर झडतीया. लावू का?"

जाहिरातींचे पैसे कमलताईंच्या खात्यावर आले तसं साहेबांनी त्यांना बोलावलं. मी तिथंच होतो. साहेब भले माणूस, त्यांना अवघड झालं होतं. "कमलताई, सरकारी नोकरीत राहून असा धंदा चालत नाही. आज ना उद्या कुणी तक्रार करील. एक तर साइट बंद करा, नाहीतर..."

"नाहीतर काय, ते म्या रातीच ठरवलंय," म्हणत त्यांनी पदराच्या गाठीतून चार घड्या घातलेला कागद काढला. राजीनामा होता. कारणाच्या जागी एकच शब्द : वेबसाइट.

साहेब म्हणाले, "अहो, असं लिहीत नाहीत. वैयक्तिक कारणास्तव, असं लिहा."

"वैयक्तिक न्हाई सायेब. सगळ्या तालुक्याचं कारण हाय."

तो कागद वरच्या कार्यालयातून दोनदा परत आला. एकदा शेरा होता, 'कारण स्पष्ट करावे.' कमलताईंनी खाली स्पष्ट केलं, 'मेंढरांची वेबसाइट.' तिसऱ्यांदा मंजूर झाला.

आम्ही सगळे त्यांना समजवायला गेलो होतो, मीही. कायमची नोकरी, म्हातारपणाची सोय, वर ही अनुकंपेची जागा. एकदा गेली की गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "भाऊ, ह्यांच्या जागेवर म्या सात वर्सं बसले. लय मानानं बसले. आता माज्या जागेवर बसू द्या."

घरात मात्र हे वाक्य चाललं नाही. राजीनामा मंजूर झाल्याचं कळलं त्या दिवसापासून आत्याबाई बोलायच्या थांबल्या. भांडण नाही, रडणं नाही. ताट वाढायच्या, पाणी ठेवायच्या, पाठ फिरवून बसायच्या. पोराची जागा सुनेनं सोडली, म्हणजे पोरगा दुसऱ्यांदा गेला, असं त्यांनी मनात धरलं होतं. शेजारणी मध्ये पडून थकल्या.

पहिलं वर्ष ओढाताणीचं गेलं. घरात नेटवर्क नव्हतं. कमलताई गावच्या पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर बसून काम करायच्या. कितव्या पायरीवर किती रेंज येते ते गावाला पाठ झालं होतं. "ताई कुठं हाय?" कुणी विचारलं की पोरं सांगायची, "अकराव्या पायरीवर." पण हळूहळू जम बसला. साइटवर एक पान घोंगड्यांचं काढलं, तिथून विणकरांना मागणी येऊ लागली. सांगलीकडच्या एका शेळीपालन करणाऱ्यानं स्वतःची साइट बनवून मागितली, मग त्याच्या मेहुण्यानं. कमलताई त्यांनाही खाली बसवायच्या. "आदी बगा, मंग बोला. तुमची शेळी कशापायी चांगली, ते मला दोन ओळीत सांगा. येत न्हाई? मंग उद्या या."

एकदा एक मेंढपाळ शिराळ्याकडं उतरला होता. कोवळा चारा खाऊन अर्धा कळप फुगला. परका मुलूख, ओळखीचं कुणी नाही. त्यानं साइट उघडली, कमलताईंच्या आवाजात ऐकत ऐकत एकेक खूण पाहिली आणि जवळच्या दवाखान्यात फोन करून धडाधड सगळं सांगितलं. तिथले डॉक्टर लगेच आले. कळप वाचला. पावसाच्या तोंडाला परत येताना तो गडी वाट वाकडी करून कमलताईंच्या दारात आला, काखेत कोकरू घेऊन. कमलताईंनी कोकरू घेतलं नाही. त्याला दारात उभा करून फोटो काढला. साइट उघडली की अजून पहिल्यांदा तोच दिसतो, काखेत कोकरू आणि चेहऱ्यावर वरातीतल्या नवऱ्याचा रुबाब.

याच सुमारास मी एकदा त्यांच्या घरी गेलो. कमलताई नवीन पान तयार करून ते मोबाइलवर मोठ्यानं वाजवून तपासत होत्या. चुलीपाशी आत्याबाई पाठमोऱ्या. फोनमधून आवाज येत होता, "...मेंढीनं करडू पाजलं न्हाई, तर आदी सड बगा..."

चुलीपाशी हालचाल झाली. आत्याबाई वळल्या. सुनेकडं न बघता थेट फोनकडं बघून म्हणाल्या, "करडू शेरडाला असतं. मेंढीला कोकरू. एवढं बी ठावं न्हाई व्हय रं?"

फोन काही बोलला नाही. कमलताईंनी मान खाली घालून ते वाक्य पुसलं आणि नवीन रेकॉर्ड केलं. आत्याबाईंनी पुन्हा ऐकलं, "आता बरं," असं फोनलाच सांगितलं आणि चुलीकडं वळल्या.

मला आश्चर्य वाटलं, पण म्हातारीपुढं काही विचारावंसं वाटलं नाही. पुढं लवकरच माझी रहिमतपूरकडं बदली झाली.

तिथं एका शेतकऱ्याच्या गोठ्यात मी शेळी तपासत होतो. त्यानं मोबाइल काढून माझ्यासमोर धरला. "डाक्टर, तुमी कान बघितला न्हाई. ह्या बाई म्हणत्यात, आदी कान बगा." मी कान बघितला. वर त्याला सांगितलं की ह्या बाईंच्या हाताखाली मी तीन वर्षं काढली आहेत. हुद्द्याच्या हिशेबानं ते उलट होतं, पण मला तसंच सांगावंसं वाटलं. त्यानंतर त्या गावात माझा भाव वाढला.

गेल्या उन्हाळ्यात मुद्दाम वाट काढून मी कमलताईंकडं गेलो. घरात आता नेट आलं होतं, टेबल आलं होतं, आणि टेबलाशी दोन खुर्च्या होत्या. दुसऱ्या खुर्चीत आत्याबाई बसल्या होत्या. त्या माझ्यासाठी चहा टाकायला उठल्या तेव्हा मी कमलताईंना हळूच विचारलं, "ताई, तुम्ही धनगराची लेक. कोकराला करडू कसं म्हणाला होता हो?"

त्यांनी आधी चुलीकडं पाहिलं, मग आवाज बारीक केला.

"चार म्हैनं आत्याबाई माज्याशी बोलल्या न्हाईत, भाऊ. घरात दोगी, आन आवाज कुणाचाच न्हाई. मला टाकीवरनं घरी यावंसं वाटंना. एकदा एका गवताचं नाव माजं चुकलं, खरंच चुकलं. पान वाजिवलं आन त्या एकदम बोलल्या. मला न्हाई, फोनला. पर बोलल्या. दुसऱ्या दिवशी म्या जाणून एक चूक घातली. तिसऱ्या दिवशी दोन." त्यांनी पदरानं टेबलावरची नसलेली धूळ पुसली. "साइटवर टाकायच्या आदी सगळं नीट करतेच म्या. चूक फकस्त घरातल्या घरात असती."

"आता तर बोलतात ना?"

"बोलत्यात की. लय बोलत्यात." मग थोडं थांबून म्हणाल्या, "तरी एखादी घालते अजून. त्यास्नी सापडली की दिसभर खूश असत्यात."

चहा झाला. मी निघालो तशी आत्याबाई दारापर्यंत आल्या. समोरच्या कट्ट्यावर बसलेल्या एका बाईनं त्यांना विचारलं, "कोण पावणं म्हणायचं?"

आत्याबाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. नजरेत माया होती आणि जराशी कीवही.

"ह्ये सरकारी नोकरीत हायत बिचारं," त्या म्हणाल्या. "आमी दोगी वेबसाइटवर असतो."