गेडामभाऊंचं इंजेक्शन

दुसऱ्याची वही मी वाचली आणि तिच्यातलं चहाच्या टपरीवर सांगून लोकांना हसवलं. हे आधी कबूल करतो. त्याशिवाय गेडामभाऊंविषयी लिहायचा मला हक्क नाही.

गेडामभाऊ वीज केंद्रात बॉयलरवर होते. निवृत्त झाले, ऊर्जानगर वसाहतीच्या फाटकाबाहेर घर बांधलं, पण बॉयलर काही त्यांच्या अंगातून गेला नाही. "कसं काय?" असं ते कधी विचारत नाहीत. विचारतात, "लोड किती?" आपण म्हणायचं, "फुल लोड, भाऊ!" भिंतीला टेकण्याआधी हाताची मागची बाजू लावून ती तापलेली नाही ना, हे बघतात. एका लग्नात नवरी हुंदके देऊन रडायला लागली. सगळे तिला गप्प करायला धावले, तर भाऊ म्हणाले, "रडू द्या बाप्पा तिले! सेफ्टी व्हॉल्व्ह आहे तो. दाबान तं फुटन."

स्वतःच्या तब्येतीचंही ते लॉगबुक ठेवत. मी वीस वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. पाळी बदलताना आधीच्या माणसाची वही वाचायची, खाली सही करायची, मगच खुर्चीत बसायचं, ही शिस्त त्यांनीच लावलेली. एकदा त्यांच्या घरी गेलो. भाऊ चहा सांगायला आत गेले. वही टेबलावर उघडी होती. मी वाचली. आणि काय सांगू, सवयीने खाली सहीसुद्धा ठोकली!

"सकाळी सहा. लोड कमी. कारण माहीत नाही." "दुपारी दोन. बोलावंसं वाटलं नाही." अशी पानंच्या पानं. मग एके ठिकाणी: "रक्त दोनदा तपासलं. टेस्टोस्टेरॉन फार कमी. डॉक्टरांनी इंजेक्शन सुरू केलं." आणि पुढे काही महिन्यांनी: "संध्याकाळी शीळ वाजवली."

माझ्या डोक्यात यातलं फक्त इंजेक्शन राहिलं. दुसऱ्या दिवशी टपरीवर म्हणालो, "भाऊ मर्दपणाची सुई घेऊन राह्यले!"

"पासष्टीत? काऊन, दुसरी पाहून राह्यले का?" एकाने विचारलं.

तेवढ्यात भाऊच आले. कोणीतरी ओरडलं, "काय भाऊ, फुल लोड?" सगळे हसले. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. माझी सही त्यांनी आदल्या संध्याकाळीच पाहिली असणार. चहा न घेता ते परत गेले.

त्या हिवाळ्यात तोवर भाऊ आणि त्यांची बायको शकुनबाई रोज सकाळी फिरायला निघत. कूलिंग टॉवरची वाफ रस्त्यावर उतरलेली असायची. त्या पांढऱ्या धुक्यात आधी भाऊंचं बोलणं ऐकू यायचं, मग शकुनबाईंचं हसणं, आणि मग हळूहळू दोन माणसं दिसू लागायची, पायाखाली रस्ता नसल्यासारखी तरंगत येणारी. मी सायकल थांबवून बघत राहायचो. टपरीच्या त्या सकाळनंतर वाफेतून एकट्या शकुनबाई येऊ लागल्या. आवाज काहीच नाही.

दोन महिने मी मान खाली घालून बाजूने गेलो. शेवटी थांबलो. "भाऊ येत नाई, बाई?"

"सुई बंद केली त्यायनं. लोक हसतात म्हणे." त्या चालायच्या थांबल्या. "तुले सांगतो बाबू, दोन वर्षं हा माणूस माह्यासंग धड बोलला नाई. जेवायचा, झोपायचा. मले वाटे, माह्या हातूनच काही झालं. धानोऱ्याले माहेरी जाऊन रडून आली मी. मंग डॉक्टर म्हणाले, बाई, हा आजार आहे, तुमचा दोष नाई. किती हलकं वाटलं मले! आता पुन्हा तसाच बसून राह्यते. मालूम आहे आजार आहे, तरी रात्री मन म्हणते, तूच काही केलं असन."

मी तसाच त्यांच्यासोबत घरी गेलो. भाऊ पडवीत बसले होते. माझ्याकडे पाहिलं, पण लोडसुद्धा विचारला नाही.

"भाऊ," मी म्हणालो, "वही मी वाचली. टपरीवर मीच सांगितलं, अन् पहिले हसलो बी मीच. आत्ता तिथं जाऊन सगळ्याईले सांगतो, का आजाराचं औषध आहे ते, अन् मी मूर्ख आहो. उद्या डॉक्टरकडे मी नेतो तुम्हाले. माफ करा."

भाऊंनी दाराकडे बोट केलं. मग म्हणाले, "मले काय सांगतं? तिले सांग."

शकुनबाई दारात उभ्या होत्या. मी त्यांच्यापुढे हात जोडले.

"बाई, त्या दोन वर्षांत दोष कोणाचाच नव्हता. या दोन महिन्यांचा माझा आहे. तुमचा कधीच नव्हता. मले माफ करा."