गद्रेची निळी फाईल

गद्रे दूध आणायला निघाला तरी त्याच्या काखेत निळी फाईल असायची. न्हाव्याकडे केस कापताना ती मांडीवर, कापडाखाली. अमेरिकेत पिस्कॅटवेला आम्ही एकाच कंपनीत होतो, राहायलाही एकाच अपार्टमेंटमध्ये. २००३ साल होतं. नोकऱ्या डळमळीत, व्हिसाचे कागद सगळेच जपत होते, पण घरात. गद्रेला कुणी हसलं की तो एवढंच म्हणायचा, "विचारलं तर?"

ऑक्टोबरात तो हट्टाने मला एक जुना व्हिला पाहायला घेऊन गेला. दीड तासाचा ड्राइव्ह. एका गिरणीमालकाने शंभर वर्षांपूर्वी रशियन बायकोसाठी बांधलेला. तिला माहेरची आठवण येऊ नये म्हणून कांद्याच्या आकाराचा घुमट, खिडक्यांना कोरीव लाकडी चौकटी, आत खोली ऊबदार ठेवणारी, रंगीत फरश्यांनी मढवलेली छतापर्यंतची शेगडी. नुकताच दुरुस्त करून लोकांना खुला केला होता.

दारातच अडलं. हातातलं सगळं सामान काउंटरवर ठेवायचा नियम होता. गद्रे आधी म्हणाला, परत जाऊ. मग त्याने पावती मागितली. काउंटरवरच्या आजीबाईंनी नंबरचा बिल्ला दिला, तो पुरेना. शेवटी त्यांनी 'एक निळी फाईल' असं लिहून सही केली. आत सगळे घुमटाकडे पाहत होते, गद्रे दाराकडे.

गाईडने सांगितलं, घर पूर्ण झालं, पण बायको रशियातून आलीच नाही.

गद्रेने हात वर केला. "तिचे पेपर्स अडकले होते का?"

लोक हसले. गद्रे उत्तराची वाट पाहत उभा राहिला. गाईडने सगळ्यांना पुढच्या खोलीत नेलं.

बाहेर आल्यावर बाकावर बसून त्याने फाईल तपासली. मला ती आतून पहिल्यांदाच दिसली. त्याचे स्वतःचे कागद वरचे दोन-तीनच. खाली लग्नपत्रिका, पंगतीतले फोटो, नागपूरला केलेल्या फोनची बिलं. बायको तिकडे नोकरी करते, असं तो आम्हाला सांगायचा. आता त्याने खरं सांगितलं: लग्न खोटं असल्याच्या शंकेवरून वकिलातीने तिचा व्हिसा दोनदा नाकारला होता. तिसरा इंटरव्ह्यू पुढच्या आठवड्यात होता.

मी म्हटलं, "पण इंटरव्ह्यू मुंबईत. तू हे इथे कशाला घेऊन फिरतोस?"

"तिला दोनदा विचारलं," फाईलला रबर लावत तो म्हणाला. "मला कुणी विचारतच नाही."

हायवेला लागल्यावर मी विचारलं, "वहिनींचं माहेर कुठलं?"

पिस्कॅटवे येईपर्यंत गद्रे बोलत होता. फाईल तेवढा वेळ मागच्या सीटवर होती.