फ्रिजमधले नामवंत

वसंतभाऊंच्या घरी पाणी माठात असतं आणि नामवंत फ्रिजमध्ये.

पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा उन्हातून आलो होतो. पाणी घ्यावं म्हणून मीच उठून फ्रिज उघडला. आत दिवा लागला नाही. बाटली नाही, भाजी नाही, वरपासून खालपर्यंत नुसत्या कॅसेटी. बाहेरच्या खोलीतून वसंतभाऊ म्हणाले, "जपून रे. दारात नर्सबाई आहेत. खाली भाजीच्या ट्रेमध्ये पैलवान." फ्रिज कधीचा बंद पडलाय, पण दार अजून घट्ट लागतं. आत दमट हवा जात नाही, मुंग्या जात नाहीत. कॅसेटला बुरशी लागू नये म्हणून याहून चांगलं कपाट बोईसरात मिळणार नाही, असं त्यांचं मत. माठातलं पाणी त्यांनी नंतर दिलं. आधी नर्सबाई ऐकवल्या.

बोईसरला आमच्या बिल्डिंगमध्ये वसंतभाऊ माझ्या समोरच्या खोलीत राहतात, एकटेच. एका कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त. नोकरीत असताना दर सुट्टीला सायकलच्या कॅरिअरला टेपरेकॉर्डर बांधायचे आणि तालुक्यातल्या नामवंतांच्या मुलाखती घेत हिंडायचे. नामवंत कोण, हे तेच ठरवायचे. पेपरात फोटो येतो तो नामवंत, हे त्यांना मान्य नाही. "चार गावं सोडून नुसतं नाव विचारलं आणि लोकांनी घर दाखवलं, तो नामवंत," ही त्यांची व्याख्या. त्यामुळे फ्रिजमध्ये एडवणचे होड्या बांधणारे सुतार आहेत, उमरोळीचा पैलवान आहे, रात्रीबेरात्री सायकलवरून बाळंतपणं करणाऱ्या नर्सबाई आहेत, आणि एक ताडी उतरवणारा आहे, जो नाटकात बायकांची कामं करायचा. बहुतेक आता हयात नाहीत.

वसंतभाऊंची अडचण एकच. मुलाखत घेताना ते समोरच्याला बोलू देत नाहीत.

"थोडक्यात सांगतो," असं म्हणून ते प्रश्न सुरू करतात. प्रश्न संपेपर्यंत उत्तर देऊन झालेलं असतं. सुतारांना त्यांनी विचारलं की होडीला कुठलं लाकूड चांगलं, आणि लगेच कारखान्यातल्या पंपाच्या वॉशरवर घसरले. त्या कॅसेटमध्ये सुतारांचा रंधा जास्त ऐकू येतो, सुतार कमी. बिचारे बहुतेक कामाला लागले असावेत.

दर रविवारी सकाळी एक नामवंत बाहेर निघतो. पुसून, पेन्सिलीने फीत सारखी करून टेपला लावला जातो. मग वसंतभाऊ त्याच्याशी नव्याने भांडतात.

"आता ऐक, बैल उचलला म्हणेल."

पैलवान टेपमधून म्हणतो, "एकदा मी बैल उचलला."

"वासरू होतं रे ते. मी त्याच्या बायकोला विचारलंय."

पैलवान जाऊन कितीतरी वर्षं झाली. पण रविवार आला की त्याला वसंतभाऊंपुढे साक्ष द्यावीच लागते.

माझीही मुलाखत त्यांनी घेतली. आमचा पाडा मनोरकडे, डोंगराच्या बाजूला. पावसाचं भात, बाकीचे महिने बाहेरगावी वीटभट्टी. त्या पाड्यावरचा मी पहिला पदवीधर. ही गोष्ट मी कोणालाही सांगतो, त्यात लाजायचं काही नाही, माझ्या आईबापांनी त्यासाठी विटा वाहिल्यात. वसंतभाऊंना ती कळली तेव्हा त्यांनी त्याच संध्याकाळी मला नामवंत करून टाकलं. "कॉलेजला हाल झाले असतील, नाही? झालेच असणार. थोडक्यात सांगतो," म्हणाले आणि पुढे त्यांच्या स्वतःच्या रात्रशाळेचं वर्णन. पूर्ण मुलाखतीत माझी तीन वाक्यं आहेत, त्यातलं एक "चहा नको." मी ती मोठ्या अभिमानाने बाबांना ऐकवली. बाबांनी शेवटपर्यंत ऐकली आणि विचारलं, "यी मुलाखत तुजी का त्येची?"

तरी माणूस गोड. कोणाच्या घरचा मिक्सर बिघडला की बोलावल्याशिवाय येणार, आणि नामवंतांचे मुलगे-नातू आले की कॅसेट पुन्हा पुन्हा ऐकवणार. म्हणून मीच म्हटलं, या सगळ्या कॅसेटी माझ्या लॅपटॉपवर उतरवून घेऊ, म्हणजे प्रत्येकाला आपापल्या माणसाचा आवाज फोनवर पाठवता येईल. वसंतभाऊ खूश झाले. एकेक नामवंत उतरत गेला. फक्त घिवलीच्या भागीबायची कॅसेट लावली की ते पहिली बाजू संपताच बटण दाबायचे. "दुसरी बाजू कोरी आहे," म्हणायचे.

भागीबाय म्हणजे धवले म्हणणारी बाई. धवले ही लग्नातली गाणी. हळदीला एक, मांडवाला एक, नवरा निघताना एक, आणि प्रत्येकात त्या त्या नवऱ्याचं नाव घालायचं. भागीबाय आल्याशिवाय त्या बाजूला कोणाला हळद लागत नसे. पण पहिल्या बाजूत तिचं गाणं नव्हतंच. वसंतभाऊच तिला धवले म्हणजे काय ते समजावून सांगत होते.

भागीबायची मुलगी सुमनबाय बोईसरच्या बाजारात मासळी घेऊन बसते. एकदा दुपारी बाजार आटोपून ती थेट वसंतभाऊंच्या दारात आली. मुलीचं लग्न ठरलं होतं. डीजे ठरला होता, जेवणवाला ठरला होता. पण मांडवाचा धवला कोणालाच पुरा येत नव्हता. आईला जाऊन बारा पावसाळे झाले, धवले म्हणणाऱ्या दुसऱ्या बायाही गेल्या, आणि सुमनबायला पहिली ओळच तेवढी आठवत होती.

"माज्या आयचा आवाज तुज्याकडं हाय ना, भाव? तेवडा धवला दे. पोरीच्या मांडवात आजीचा एक शब्द तरी व्हवा."

वसंतभाऊ म्हणाले, त्यात गाणं नाही. एवढंच. सुमनबायने टोपली उचलली. मग म्हणाली, "नसंल तर नसंल. तू बोलला असशील, तिला कदी वेळ मिलाला." त्यात टोमणा होता, पण राग नव्हता. जाताना टोपलीच्या तळाशी राहिलेली मांदेली तिने त्यांच्या ओट्यावर ठेवली.

ती मांदेली वसंतभाऊंनी मला देऊन टाकली. त्या रविवारी समोरच्या खोलीतून टेपचा आवाज आला नाही. मी डोकावलो तर फ्रिजचं दार उघडं, आणि ते भागीबायची कॅसेट हातात घेऊन बसलेले. मला बघून म्हणाले, "स्कूटर काढ. घिवलीला जायचंय."

रस्ताभर टेपरेकॉर्डर त्यांनी मांडीवर धरला होता.

सुमनबायच्या अंगणात पाचसहा बाया लग्नाचे तांदूळ निवडत बसल्या होत्या. वसंतभाऊंनी वायर खिडकीतून आत दिली, कॅसेट दुसऱ्या बाजूने लावली आणि स्वतः तुळशीकडे तोंड करून बसले.

टेपमध्ये तरुण वसंतभाऊ बॉयलरबद्दल सांगत होते. मधेच भागीबायचा आवाज आला. "चाय पी आदी. थंड व्हते." बाया हसल्या. सुमनबायचा हात सुपात थांबला.

मग भागीबायने विचारलं, "तुजा लगीन झाला?"

टेपमध्ये नुसती खरखर. इतक्या मुलाखती मी उतरवल्या, पण एवढी लांब खरखर कुठल्याच कॅसेटमध्ये नव्हती.

"नाही."

"कदी करनार?"

"आता नाही व्हायचं. बहिणींची झाली, भावाचं झालं. आई होती तोवर ती म्हणायची. आता कोण म्हणतंय."

"मंग तुजा धवला कोनी म्हनायचा?"

आणि मग भागीबाय गायला लागली. खणखणीत, कोणी थांबवणारं नसल्यासारखी.

"मांडवाचे दारी गो कोन उबा, कोन उबा,
माथ्याला बाशिंग, वसंत नवरा उबा…"

एक तरुण सून फसकन हसली. बाकी कोणी हसलं नाही, तशी तीही गप्प झाली. धवला बराच लांब होता. हळद झाली, बाशिंग झालं, बहिणींनी वाट अडवली, आणि दर दोन ओळींनी वसंत नवरा मांडवाच्या दारात उभा राहत होता. संपल्यावर भागीबाय टेपमध्ये म्हणाली, "झाला. आता कोन इचारला तर सांग, माजा धवला म्हनून झालाय." आणि कॅसेट थांबली.

सुमनबायने पदराने तोंड पुसलं. "आय अशीच व्हती," ती म्हणाली. "बिनलग्नाचा मानूस तिला बघवत नसं." मग उठून वसंतभाऊंच्या समोर येऊन बसली. "यो तुजा हाय, भाव. पोरीच्या मांडवाला उसना नेऊ? नाव तेवडा बदलीन."

वसंतभाऊ म्हणाले, "ने की." आणि पुन्हा टेप लावली, तिला पाठ व्हावा म्हणून.

लग्नात डीजे थांबवून सुमनबायने धवला म्हटला. नवऱ्याचं नाव नीलेश होतं. पण अंगणात तांदूळ निवडणाऱ्या त्याच बाया मागून साथ देत होत्या, त्यांच्या तोंडून पहिल्या खेपेला 'वसंत नवरा'च निघालं. मांडवभर हशा झाला. नीलेशही हसला. वसंतभाऊ माझ्या शेजारी नवा सदरा घालून बसले होते, त्यांचे कान लाल झाले होते.

दुसऱ्या दिवशी ती बाजूही मी लॅपटॉपवर उतरवली. सगळ्या मुलाखती नामवंतांच्या नावाने ठेवल्या आहेत, म्हणून मी 'भागीबाय, भाग दोन' असं लिहायला लागलो. वसंतभाऊ खुर्चीमागे उभे होते.

"ते खोड," ते म्हणाले. "ही मुलाखत वसंतची लिही. घेणारी भागीबाय."