डिकीतलं नाक

गाडीला नाक बसवायचं मी ठरवलं, त्यात मला काही गैर वाटलं नव्हतं. माझं स्वतःचं नाक सत्तरीनंतर कामातून गेलं आहे. दूध करपलं तर ते मला दोनाच्या चेहऱ्यावरून कळतं. (दोना म्हणजे माझी बायको. हे आधी सांगायला हवं होतं का? वर्गातही माझं असंच व्हायचं.) आणि आमची जुनी मोस्कविच गॅसवर चालते. मागे जादा चाकाच्या खळग्यात गॅसची टाकी, तिथून पुढे इंजिनापर्यंत नळी. ज्याला वास येत नाही त्याने अशा टाकीला पाठ टेकून रोज पाव आणायला जायचं, या कल्पनेनेच माझी भूक जायची.

तसं संरक्षण गाडीत आधीपासून असतंच. इंजिन फिरत असेल तोवरच गॅसची झडप उघडी राहते. इंजिन थांबलं की दोन सेकंदांत मिटते. हा विषय मी कॉलेजात एकतीस वर्षं शिकवला. पण काय काय बिघडू शकतं हे ज्याने एकतीस वर्षं फळ्यावर लिहिलं, त्याला सुखाने गाडी चालवता येत नाही. झडप मिटलीच नाही तर? नळीच डिकीत फुटली तर?

म्हणून मी नाक बसवलं. सुपारीएवढी एक डबी, हवेत जळण्याजोगं काही आलं की तिला कळतं. डबीला कळलं की टिर्र वाजतं, लाल दिवा लागतो आणि तिन्ही गोष्टी एकदम बंद होतात : गॅस बंद, पेट्रोल बंद, ठिणगी बंद. पुन्हा गाडी सुरू व्हायची असेल तर नाकाला सलग दहा मिनिटं स्वच्छ हवा मिळाली पाहिजे. मग हिरवा दिवा. या सगळ्याला बगल देणारं बटण मी मुद्दाम ठेवलं नाही. तसं बटण असलं की आळशी माणूस पहिल्यांदा तेच दाबतो, हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगत असे. तारासुद्धा लोखंडी नळीत घालून, रिबिटा ठोकून बंद केल्या. रिबिटा ठोकताना माझ्या डोळ्यांसमोर मिन्को होता.

मिन्को माझा मेहुणा. सहकारी शेतीवर ट्रॅक्टर चालवण्यात त्याचा जन्म गेला. निवृत्तीनंतर आम्ही दोनाच्या माहेरी राहायला आलो आणि वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी मी घरजावई झालो. माझं नाव राचो आहे हे गावात फक्त पोस्टमनला माहीत आहे. बाकी सगळ्यांचा मी ‘जावईबापू’.

पहिल्या चाचणीला मिन्कोने डिकीत लायटर न पेटवता नुसता दाबून धरला. टिर्र! इंजिन गप्प.

“वा जावईबापू,” तो म्हणाला, “गाडी बंद पाडायला लोकांना नशीब लागतं. तुम्ही यंत्र केलंत!”

मी हे कौतुक म्हणून घेतलं. (इथेच माझं चुकलं असावं.)

आता शनिवारचं सांगतो. आमच्या नातीचं, कालिनाचं, लग्न पुढच्या रविवारी होतं. आमच्याकडे मुलीच्या लग्नात तिच्या आजोळची राकिया, म्हणजे फळांची दारू, टेबलावर लागते, स्वतःच्या झाडांच्या आलुबुखारांची, इथल्याच भट्टीत उतरवलेली. दुकानातली बाटली ठेवली तर लोक पितात, पण पुढे नातवंडांच्या लग्नापर्यंत त्यावर बोलतात. भट्टी एकच, पलीकडच्या गावाला. तिथे महिनाभर आधी पाळी लावावी लागते. आमची पाळी शनिवारी दहाची. ती चुकली की पुढची तीन आठवड्यांनी, तोवर लग्न होऊन जाणार आणि आंबवलेले आलुबुखार व्हिनेगर होऊन बसणार.

आणि आमच्या मागची पाळी होती त्सानोची. त्सानो म्हणजे नवऱ्या मुलाचे आजोबा. त्यांनी आठवड्यापूर्वीच निरोप धाडला होता : “जावई आजोबा विद्वान आहेत. तरी मी आमची राकिया जास्तच घेऊन येतो, लागली तर असावी.”

हा निरोप ऐकल्यापासून दोना पाव कापताना सुरी जरा जोरातच मारत होती.

सकाळी नऊला मिन्कोने आणि मी दोन निळी पिंपं गाडीत चढवली. काठोकाठ आंबवलेले आलुबुखार, वर सैल झाकण. (घट्ट लावत नाहीत. आतून उकळी येते. घट्ट झाकणाचं पिंप म्हणजे तोफच.) आमच्या गाडीत डिकी आणि बसायची जागा यांच्यामध्ये भिंत नाही. मागे दोना, पुढे मिन्को, चाकावर मी. किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली.

दोनशे पावलांवर, गावच्या कॅफेसमोर, टिर्र!

लाल दिवा. इंजिन गप्प. ज्या क्षणाची मी एकतीस वर्षं भीती घातली होती, तो आला होता.

“गळती!” मी ओरडलो. “सगळे बाहेर! चाळीस पावलं लांब! सिगरेटी विझवा!”

कॅफेबाहेर पाच-सहा म्हातारे कॉफी पीत बसले होते. ते माझ्या ओरडण्याने हलले नाहीत. दोनाने “ऐकू येत नाही का रे?” म्हटल्यावर कप घेऊन उठले. मी दाढीच्या ब्रशने साबणाचा फेस करून गॅसच्या प्रत्येक जोडावर लावला. गळती असली की बुडबुडा येतो. एकही आला नाही. दारं उघडी टाकून दहा मिनिटं थांबलो. हिरवा दिवा.

“झालं ना? चल,” दोना म्हणाली.

दारं लावली, निघालो. शंभर पावलांवर पुन्हा टिर्र.

“बाहेर! चाळीस पावलं!”

फेस, बुडबुडा नाही, दहा मिनिटं. एव्हाना कॅफेतले म्हातारे खुर्च्या घेऊन मागोमाग आले होते.

“जावईबापू,” मिन्को म्हणाला, “शंभर पावलं आणि दहा मिनिटं. या चालीने कालिनाच्या लग्नाला नाही, तिच्या मुलाच्या बारशाला पोचू.”

“मिन्को, गंमत सोड. इथे स्फोट होऊ शकतो.”

“होईल ना. दोनाताईकडे बघा, सुरुवात झालीय.”

दोना घड्याळ बघत होती. “राचो, साडेनऊ होऊन गेले. ते कसलं ते नाक काढून टाक.”

“काढता येत नाही.”

“बटण असेल एखादं.”

“बटण नाही.”

“का नाही?”

मी मिन्कोकडे पाहिलं. मिन्कोने माझ्याकडे पाहिलं. मग मी जोडांकडे पाहायला लागलो.

तेवढ्यात गेना आजी गाढवाची गाडी घेऊन आली. वय नव्वदीच्या आसपास. गाढवाचं नाव जनरल. रस्त्यात साबणाचा फेस आणि खुर्च्यांवर गाव पाहून ती थांबली.

“आजी, पुढे येऊ नका! गॅस गळतोय!” मी म्हणालो.

तिने डिकीत डोकं घातलं आणि हुंगलं. “गॅस कुठला रे पोरा? आलुबुखार आहेत. चांगले पिकलेत. नुसत्या वासाने माझं डोकं गरगरलं, तुझ्या डबीचं काय होणार!”

मी रस्त्याकडेच्या दगडावर बसलो. नाकाला जळण्याजोगं जे जे आहे ते कळतं. दारूची वाफ जळते. गॅस आणि दारू यांतला फरक असल्या डबीला कळत नाही, हे माझ्याच व्याख्यानांत, सातव्या प्रकरणात होतं. परीक्षेत मी हा प्रश्न हमखास घालत असे.

“म्हणजे तुला माहीत होतं?” दोनाने विचारलं.

“यावर मी सतरा जणांना नापास केलंय.”

“अठरा,” मिन्को म्हणाला.

नऊ चाळीस झाले होते. पिंपं जनरलच्या गाडीत चढवली. दोना आणि मिन्को गेना आजीजवळ बसले. जनरलला भट्टी गाठायला पाऊण तास लागणार होता. म्हणून मी रिकामी मोस्कविच घेऊन पुढे जायचं आणि पाळी धरून ठेवायची, असं दोनाने ठरवलं.

“कशी धरून ठेवू?” मी विचारलं.

“ते तू बघ. आयुष्यात एकदा तरी उपयोगी पड.”

दहा मिनिटं दारं उघडी ठेवली. हिरवा दिवा. रिकामी गाडी लोण्यातून सुरी जावी तशी गेली आणि दहाला दोन मिनिटं कमी असताना मी भट्टीवर होतो.

भट्टीवाला गांचो भल्यामोठ्या तांब्याच्या हंड्याजवळ उभा होता. शेजारी तीन पिंपं मांडून त्यावर त्सानो बसले होते, मिशीला पीळ देत.

“या जावईबापू,” गांचो म्हणाला. “माल कुठाय?”

“येतोय. गाढवावरून.”

“नियम माहीत आहे ना? दहाला पिंप हंड्याशी. नाहीतर पुढचा.”

“अरेरे,” त्सानो पिंपावरून उतरत म्हणाले. “हरकत नाही, विहीणबाईंना सांगा, माझी भरपूर होईल.”

मी भांडू शकत नाही, विनोद करू शकत नाही, कोणाला पाजून गप्पही करू शकत नाही. मी खाली मान घातली. आणि मान खाली होती म्हणून मला हंड्याखालचं चुलवण दिसलं. गांचोने या वर्षी लाकडं सोडून गॅसची शेगडी बसवली होती.

“थांबा!” मी म्हणालो. “ही शेगडी तपासल्याशिवाय पेटवता येणार नाही.”

“नवी आहे.”

“म्हणूनच. ज्योत मधेच विझली तर गॅस आपोआप बंद होतो का? तुम्ही पाहिलंय? स्वतः?”

गांचोने डोकं खाजवलं. “नाही बुवा.”

“सगळे मागे! चाळीस पावलं!”

खरं सांगायचं तर दोन मिनिटांत मला दिसलं होतं, की तिथे चांगली झडप आहे आणि ती ठणठणीत आहे. मी खोटं बोललो नाही. मी फक्त सावकाश बोललो. ज्योतीत एक बारीक कांडी असते, ती गरम असेपर्यंतच झडप उघडी राहते, हे मी अगदी मुळापासून सांगितलं. मग ज्योत पेटवून विझवली, अर्धं मिनिट कान देऊन झडपेचं ‘टक्’ ऐकलं.

“झालं?” त्सानोंनी लांबून विचारलं.

“एकदा चालणं हा योगायोग असू शकतो,” मी म्हणालो. “पाच वेळा पाहू.”

पाचव्या वेळेला गांचो कुंपणाला टेकून पेंगत होता. त्सानो म्हणाले, “माझ्या जन्मात इतकं कंटाळवाणं मी काही ऐकलं नाही.” एकतीस वर्षं विद्यार्थी हेच म्हणत असावेत, माझ्या तोंडावर प्रथमच कोणी म्हणालं, आणि मला ते फार गोड लागलं. कारण त्यांच्या खांद्यामागे, वळणावर, जनरलचे कान दिसले होते.

“शेगडी सुरक्षित आहे,” मी जाहीर केलं. “पेटवायला हरकत नाही. आणि आमची पिंपं आली आहेत.”

दोनाने गाडीतून उतरता उतरता हंडा रिकामा पाहिला, त्सानोंची पिंपं भरलेली पाहिली, आणि माझ्याकडे बघितलं. तसं लग्नाच्या दिवशी बघितलं होतं, त्यानंतर आत्ताच.

दुपारी राकिया उतरली. स्वच्छ, पाण्यासारखी. पहिला पेला रिवाजाप्रमाणे त्सानोंना. त्यांनी एक घोट घेतला, लगेच दुसरा घेतला. मग म्हणाले, “मी माझ्या दोनच बाटल्या आणीन.” आणि मला अशी कडकडून मिठी मारली, की उरलेला पेला माझ्या कोटावर सांडला. मग गांचोचा पेला, मिन्कोचा पेला. मी कशाला नाही म्हणालो नाही.

दोनाने एक थेंबही घेतला नव्हता. ती चाकावर बसली. भरलेले मोठे काचेचे बुधले बुचं मारून, मेण ओतून डिकीत ठेवले. मेणातून वाफेचा कणसुद्धा बाहेर येत नाही, हे मी स्वतः तपासलं. मिन्को पुढे, मी मागे, बुधल्यांना हात लावून. दोनाने किल्ली फिरवली.

टिर्र!

“बाहेर!” मी म्हणालो. सगळे उतरलो. दहा मिनिटांनी हिरवा दिवा. सगळे बसलो. टिर्र! बुधले उतरवले, तरी टिर्र. मिन्कोला उतरवलं, तरी टिर्र.

“राचो,” दोना शांतपणे म्हणाली, “तू उतर बरं.”

मी उतरलो. दहा मिनिटांनी हिरवा दिवा लागला तो लागलाच. बुधले चढवले, हिरवा. मिन्को बसला, हिरवा.

“जावईबापू,” मिन्को काचेतून डोकं काढून म्हणाला, “यंत्र पास! गळती सापडली!”

आणि गाडी निघून गेली. मी गेना आजीशेजारी, रिकाम्या पिंपांमध्ये बसून परतलो. वाटेत जनरलने एकदा मागे वळून मला हुंगलं; पण त्याच्या रचनेत कोणी सुधारणा केलेली नव्हती, त्यामुळे तो चालत राहिला.

घरी पोचलो तेव्हा आत ताटं वाढल्याचा आवाज येत होता; भाजलेल्या मिरच्यांचा बेत सकाळीच ठरला होता. मी पायरीवर पाय ठेवला. दोना दारात घड्याळ घेऊन उभी होती.

“दहा मिनिटं,” ती म्हणाली. “अंगणात, मोकळ्या हवेत. सलग.”

“दोना, अगं, आता मी...”

“बटण नाही,” ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.