ओली पावलं या चित्रपटाचे अक्षर सर्वत्र एक कैसे जाहले, त्याची बखर

श्री. जो अंधारात उजेड दाखवितो आणि त्याच उजेडात भयही दाखवितो, त्या पांढऱ्या पडद्यास आधी नमस्कार. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, पौष मास. ते समयी एक राज्य होते. राज्य विद्येचे, आणि त्याचे तख्त एका महाविद्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्यालगतच्या खोलीत. तेथे काही पोरांनी भुताचा चित्रपट सिद्ध केला आणि त्यास नाव ठेविले ओली पावलं. कथा ऐसी की, पाणी काढताना विहिरीत पडून गेलेली एक माय रोज सांजेस ओल्या पावलांनी घरी येते आणि निजलेल्या लेकराच्या अंगावरचे पांघरूण नीट करून जाते. या मोहिमेचे सेनापती शार्दूलराव दिग्दर्शक, चित्रे काढणारे इम्तियाजखान, आणि डंका पिटण्याचे काम हेमांगीबाईंकडे. म्हणजे पोस्टर, पास, ट्रेलर आणि मोबाइलावरची जाहिरात. ही हकिकत विशेषेकरून त्यांचीच.

प्रथम मोठा घोटाळा जाहला. जो तो आपल्या मर्जीने जाहिरात करू लागला. पोस्टरावर रक्त गळणारी तांबडी अक्षरे, मोबाइलावर निळे धुके आणि त्यात नाजूक वळणाची अक्षरे, आणि पास तर लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे दिले होते, त्याने आपल्या मनानेच कडेस गुलाब घातले, वर पोपटांची जोडी बसविली आणि खाली आपली उपस्थिती प्रार्थनीय ऐसे छापून दिले. तो पास हाती पडताच एक प्राध्यापिकाबाई हेमांगीबाईंस जवळ घेऊन बोलिल्या, "अभिनंदन गं! मुलगा काय करतो?" हे वर्तमान शार्दूलरावांस कळले, तेव्हां ते संतापून म्हणाले, "आपल्याकडे एकच भूत आहे ना? मग तीन वेगवेगळी का हिंडतायत? एकाला दुसऱ्याची ओळख नाही!" मग हेमांगीबाई पुढे जाहल्या आणि बोलिल्या, "हे सगळं माझ्या एकटीच्या हातात दे. आजपासून कुठेही बघा, रंग एक, चित्र एक, अक्षर एक. कुणी मध्ये कारभार केला तर मी निघाले." शार्दूलरावांनी हात जोडिले आणि हुकूम फिरला. रंग काळा ठरला, चित्र म्हणोन फरशीवरचे एक ओले पाऊल ठरले. अक्षर मात्र ठरेना. संगणकातली अक्षरे पाहिली, तो काही बँकेच्या नोटिशीसारखी दिसत आणि काही मसाल्याच्या पुडीसारखी.

हेमांगीबाईंच्या घरी सोनाआत्या. आई लहानपणीच गेली, तेव्हांपासून या आत्यांनी बाजारात भाजी विकून भाचीस वाढविले, शिकविले. त्यांस स्वतःस अक्षर येत नव्हते. त्याच वर्षी मोठ्या माणसांच्या साक्षरता वर्गात बसून त्या लिहू लागल्या होत्या, आणि दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचीत रस्त्याने चालत, त्यामुळे घरी पोहोचण्यास उशीर होई. हेमांगीबाईंच्या मनात आले की हाताने लिहिलेले अक्षर घ्यावे, आणि त्या आत्यांस म्हणाल्या, "आत्या, एवढं नाव लिहून देतेस?" मग मोठा पांढरा पुठ्ठा अंथरिला, काळा रंग आणि कुंचला दिधला, आणि तिघेही सरदार आत्यांच्या डोक्यावर उभे राहिले. आत्यांनी पदर खोचला आणि लिहू लागल्या. हात कापत होता. ओ एका अंगावर कलला, काने मोडके उमटले, आणि शेवटचे अक्षर पुठ्ठ्याच्या कडेवरून घसरते की काय ऐसे जाहले. इम्तियाजखान हळूच बोलिले, "बाप रे, यात खरंच भूत आहे." शार्दूलरावांनी आनंदाने उडी मारणेच काय ते बाकी राहिले. आत्यांनी मान वर करून विचारिले, "बरं आलंय का गं?" तेव्हां हेमांगीबाई बोलिल्या, "लई भारी आलंय, आत्या." बोल खोटा नव्हता, परंतु पुरताही नव्हता, आणि तो त्यांच्या मनात कुसळासारखा राहिला.

मग ते अक्षर चोहीकडे गेले. पोस्टरावर गेले, नव्या पासांवर गेले, ट्रेलरात गेले, मंडळींच्या टी-शर्टांच्या छातीवर चढले, आणि लांबूनच लोक म्हणू लागले की हा तोच भुताचा सिनेमा. मोहीम फत्ते होणार ऐसे दिसो लागले. एके दिवशी हेमांगीबाई कँटीनमध्ये वडापाव खात बसल्या असता शेजारच्या बाकावरून कोणी म्हणाले, "ते अक्षर बघितलंस? कुणीतरी मरता मरता लिहिल्यासारखं!" आणि बाकीचे हसले. हेमांगीबाईंचा घास तोंडातच राहिला. तिकडे आत्या तर भाजीबाजारात प्रत्येकीस सांगत होत्या की कॉलेजच्या भिंतीवर माझं अक्षर लावलंय, आणि पहिल्या खेळास पहिल्या रांगेत बसणार. आपले अक्षर वाकडे म्हणोन घेतले हे आत्यांस त्या भरल्या सभागृहात कळले, तर त्या पुन्हा कधी लेखणी हाती धरतील काय, हीच चिंता त्यांस लागली.

इतक्यात आणिक अक्षरांची गरज पडली. नटांची नावे, खेळाची वेळ, जागा, हे सारे त्याच हाताचे पाहिजे. मग तिघे पुन्हा आत्यांकडे गेले. आत्या जणू वाटच पाहत होत्या. बसल्या आणि आधी सिनेमाचेच नाव पुन्हा लिहू लागल्या, तो काय चमत्कार! अक्षर गोल, ठसठशीत, तव्यावरून फुगून उतरलेल्या भाकरीसारखे. ओळ सरळ, काने उभे. कारण ऐसे की, बाजारातून आल्यावर रोज पाटी घेऊन बसत होत्या. म्हणाल्या, "पोरांनी माझं अक्षर भिंतीवर लावलं. मग ते वंगाळ दिसून कसं चालंल?" तिघांची तोंडे उतरली. इम्तियाजखान भीत भीत बोलिले, "आत्या, जरा पहिल्यासारखं जमेल?" आत्या म्हणाल्या, "पहिल्यासारखं म्हंजी?" मग शार्दूलरावांनी हेमांगीबाईंस बाहेर ओट्यावर नेऊन म्हटले, "त्यांना सांग, डाव्या हाताने लिहा. नाहीतर हात हलवत लिहा. सगळीकडे अक्षर एक पाहिजे, हा नियम तुझाच आहे." नियम खरोखर त्यांचाच होता. त्यांनी दोघांस घरी पाठविले आणि आत येऊन आत्यांपाशी बसल्या.

आत्या मेथी निवडीत होत्या. हेमांगीबाईंनी एक जुडी ओढून घेतली आणि पाने खुडीत खुडीत सर्व सांगितले. आत्यांनी मान वर केली नाही. तशाच म्हणाल्या, "म्हंजी वाकडं हुतं म्हणून घेतलं."

"हो."

"आणि मला म्हणालीस, लई भारी."

"भारीच होतं, आत्या. बघणाऱ्याला भीती वाटत होती."

"वाटणारच की. मीच भ्याले हुते." आत्यांनी मेथीच्या काड्या एकीकडे सारिल्या. "एवढी शिकलेली तुमी, डोक्यावर हुबी. वाटलं, चुकलं तर आमच्या हेमीची लाज जाईल. ते भ्या हातातनं खाली उतरलं, आन काय."

हेमांगीबाईंच्या डोळ्यांस पाणी आले. तरी मोहीम डोक्यात होती, म्हणोन विचारिले, "परत तसं लिहिता येईल का गं?"

"पवायला शिकल्यावर बुडून दाव म्हणालीस, तर कशी बुडू?" आत्या हसल्या, आणि मग हसू थांबवून म्हणाल्या, "आन येत असतं तरी लिहिलं नसतं. मला यायला लई वरसं लागली, हेमे."

दुसरे दिवशी सकाळीच हेमांगीबाई जिन्यालगतच्या खोलीत आल्या आणि हुकूम केला की जुने अक्षर सगळीकडून उतरवावे आणि नवे चढवावे. शार्दूलराव ओरडले, "वेड लागलंय का तुला? खेळ तोंडावर आलाय, आख्खं कॉलेज ते अक्षर ओळखायला लागलंय, आणि आता सुंदर अक्षरात भूत दाखवायचं? बालवाडीचं गॅदरिंग आहे का हे?" हेमांगीबाई शांतपणे बोलिल्या, "शार्दूल, आपल्या सिनेमातली बाई कुणाला भिववायला येते का? लेकरासाठी येते. ती लिहायला बसली तर कसं लिहील? नीटच लिहील ना. पोराला वाचता यावं म्हणून." इम्तियाजखानांनी संगणकावर काळा रंग घेतला, त्यावर ओले पाऊल ठेविले आणि आत्यांचे नवे गोल अक्षर खाली बसविले. तिघे पाहत राहिले. ते वाकडे अक्षर पाहून भय वाटे, परंतु ती भुताची बाई कोठे दूर आहे ऐसे वाटे. हे अक्षर मात्र ओळखीचे, घरातले, चुलीवरून हात पुसून येऊन लिहिल्यासारखे. शार्दूलरावांनी आपले दंड चोळिले आणि म्हणाले, "अरे, हे तर त्याहून भयानक आहे. ही खरंच घरी येईल." मग मोठी धावपळ जाहली. पोस्टरे उतरली, नवी चढली, ट्रेलर बदलिला, पास पुन्हा काढिले. टी-शर्ट बदलण्याचा इलाज नव्हता, म्हणोन सर्व सरदारांनी ते उलटे घालून, शिवणी बाहेर दाखवीत, राज्यभर मिरविले.

माघ मासी दुपारचे समयी पहिला खेळ जाहला. सभागृह भरले. आत्या इरकल नेसून पहिल्या रांगेत, शेजारी हेमांगीबाई. दिवे गेले, काळोख जाहला, पाणी ठिबकण्याचा आवाज येऊ लागला, आणि पडद्यावर एकेक अक्षर गोल, सावकाश उमटले. कोणाचा श्वास ऐकू येईना. तो आत्या मागे वळल्या आणि त्या काळोखास मोठ्याने म्हणाल्या, "माझं हाय ते!" सभागृह हसले. हसू ओसरले तेव्हां भय दुप्पट होऊन उतरले, कारण आता त्या अक्षरास एक माणूस जाहले होते. पुढे दार आपोआप उघडले, फरशीवर पाऊल उमटले, आणि आत्यांनी डोळे गच्च मिटून भाचीचा हात ऐसा धरिला की बांगड्या रुतल्या. कुजबुजल्या, "हेमे, गेली का गं ती?"

"नाही. पोराजवळ बसलीय."

आत्यांनी भाचीच्या हातावरची पकड सैल केली. मग म्हणाल्या, "बसू दे मग," आणि डोळे उघडून पाहू लागल्या.

येणेप्रमाणे रंग, पाऊल आणि अक्षर त्या राज्यात एक जाहले. खेळास लोक बहुत आले, पुष्कळ भ्याले, काही रडले. शार्दूलराव कीर्ती पावले आणि इम्तियाजखानांस पुढच्या मोहिमेचे बोलावणे आले. पहिल्या वाकड्या अक्षराचा तो पुठ्ठा हेमांगीबाईंनी कोणास दिला नाही, आपल्याजवळ ठेविला. आत्या हल्ली जोडाक्षरे लिहितात.